बेटावरची सुट्टी कोणाची?

सुट्टीचे दिवस जवळ आले की जाहिरातींच्या पानांवर निळ्या समुद्राची चित्रे झळकू लागतात. पांढरीशुभ्र वाळू, माडांची सावली, पाण्याच्या काठावर मांडलेले भोजनाचे मेज आणि पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पोवळ्यांच्या वनात शिरणारे हौशी पाणबुडे! कॅरिबियन बेटांवरील आठ दिवसांच्या विश्रांतीचे हे चित्र आता आपल्याकडील सुखवस्तू मध्यमवर्गालाही भुरळ घालू लागले आहे. एके काळी ही बेटे आपल्याला ठाऊक होती ती क्रिकेटमुळे. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेन येथे वेस्ट इंडीजला नमविले आणि आमच्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी त्या मालिकेत ६४२ धावा काढल्या, तेव्हा जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद ही नावे गोमंतकातील घराघरांत पोहोचली. आज तीच नावे पर्यटनाची म्हणून कानांवर येतात. यात वावगे काहीच नाही. श्रमलेल्या माणसाने चार दिवस समुद्राकाठी निवांत पडून राहावे, चांगलेचुंगले खावे, पाण्याखालचे जग डोळे भरून पाहावे, यात पाप ते कोणते? प्रश्न आहे तो वेगळाच. ही सुट्टी कोणाच्या वाट्याला येते आणि ती ज्या किनाऱ्यावर साजरी होते, तो किनारा अखेर कोणाचा राहतो?

हा प्रश्न विचारताना आमच्या डोळ्यांपुढे मसाट हे गाव येते. सिल्वासानजीकचे हे गाव आज औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. दूरदूरच्या प्रांतांतून आलेले कामगार तेथे पाळ्यांमध्ये राबतात, आणि त्यांच्या शेजारी वारली, कोकणा, धोडिया ही तेथील मूळची माणसे राहतात. या भूमीशी गोव्याचे नाते जुने आहे. १९५४ च्या जुलै महिन्यात दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून मुक्त झाले, ते गोमंतकीय व महाराष्ट्रीय स्वयंसेवकांनी जिवावर उदार होऊन केलेल्या पराक्रमामुळे. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी दादरा-नगरहवेली आणि दमण-दीव यांचा मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. म्हणजे चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या मसाटच्या रहिवाशाच्या वाट्याला त्या दिवसापासून, निदान कागदोपत्री तरी, एक खरेखुरे बेट आले. त्या दीव बेटालगतच्या घोघला किनाऱ्याला त्याच वर्षी स्वच्छतेचे आंतरराष्ट्रीय 'ब्लू फ्लॅग' मानांकनही मिळाले. परंतु मसाटहून सडकेने दीवला जायचे तर खंभातच्या आखाताला वळसा घालून शेकडो कोस तुडवावे लागतात. एका साप्ताहिक सुट्टीत हे साधणारे नव्हे. तेव्हा दमणचा किनारा नाहीतर दादऱ्याच्या वनगंगा तलावातील उद्यानाचे चिमुकले बेट, हीच तेथील कामगाराच्या आवाक्यातली बेटाची सहल!

त्यातही मुळात सुट्टी मिळाली तर! १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. २०२० च्या नव्या संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली, हे पाऊल स्वागतार्हच आहे. तथापि, कंत्राटदाराच्या हजेरीपटावर ज्याचे नाव दर काही महिन्यांनी नव्याने चढते, त्याचे दिवस भरायचे कसे? रजा हा उपकार नव्हे, तो मजुरीचाच भाग होय. पर्यटनाच्या वाढीचा विचार करताना सरकारने आधी ही रजा कामगाराच्या पदरात पडते की नाही हे पाहिले पाहिजे. विमानाने येणाऱ्या पाहुण्यासाठी पायघड्या आणि शेजारच्या कारखान्यातील माणसाला मात्र एका दिवसाची उसंत नाही, असे पर्यटन कोणत्याही लोकशाहीला शोभणारे नव्हे.

आता किनाऱ्याचे पाहू. कॅरिबियन बेटांचा अनुभव येथे आपल्याला दोन्ही बाजूंनी शिकविणारा आहे. बार्बाडोसमध्ये समुद्रकिनारे सार्वजनिक मानले जातात. हॉटेल कितीही बडे असो, त्याच्या पुढच्या वाळूवर तेथील सामान्य माणूसही बसू शकतो. उलटपक्षी जमैकात वसाहतकाळात, १९५६ साली झालेल्या कायद्याने किनाऱ्यावर जाण्याचा सर्वसाधारण हक्क जनतेला दिलेलाच नाही. स्वातंत्र्य आले, ध्वज बदलला, परंतु अनेक सुंदर किनारे हॉटेलांच्या कुंपणाआड गेले, आणि त्या बेटावरच जन्मलेल्या माणसांना समुद्रावर जाण्याच्या हक्कासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. हे दूरदेशीचे गाऱ्हाणे आहे असे कोणी समजू नये. आपल्या दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याकडे जाण्याची लोकांची वाट एका हॉटेलाच्या बांधकामाने अडविली, म्हणून ग्रामस्थांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. २००९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, समुद्रकिनाऱ्यासारख्या निसर्गसंपत्तीचे सरकार हे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. आणि त्या विश्वस्ताने पुढे काय केले? त्याच वर्षी भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून ते बांधकाम वाचविण्याची धडपड केली! विश्वस्तच जेव्हा असा वागतो, तेव्हा जागे राहण्याची जबाबदारी जनतेवर येते.

दुसरी गोष्ट पानातल्या अन्नाची. कॅरिबियन बेटांपैकी बहुतेकांना आपल्या अन्नापैकी मोठा भाग बाहेरून आणावा लागतो. पाहुण्याने हॉटेलात मोजलेला पैसाही त्याच वाटेने बेटाबाहेर जातो, आणि बेटावरच्या माणसाच्या हाती उरते ती वाढप्याची वा झाडूवाल्याची नोकरी. गंमत अशी की, त्रिनिदादमध्ये जाणारा प्रवासी आवर्जून खातो ती रोटी आणि डाळपुरी मात्र गिरमिटिया मजुरांची देणगी आहे. १८४५ च्या मे महिन्यात 'फतेल रझाक' हे जहाज आपल्या देशबांधवांना घेऊन तेथे लागले. उसाच्या मळ्यात घाम गाळणाऱ्या त्या मजुरांची शिदोरी आज त्या बेटाची ओळख बनली आहे. या बाबतीत आमच्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याने चोखाळलेली वाट अधिक शहाणपणाची आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग या गावांतील कुटुंबांनी आपल्या घरांच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी मोकळ्या केल्या. सकाळी घावणे, दुपारी बांगड्याचे तिखले, तिसऱ्यांचे सुके आणि वर सोलकढी! त्या घरातल्या गृहिणीच्या हाती आलेला पैसा गावातच फिरतो, मुलांच्या शाळेत जातो, होडीच्या डागडुजीला लागतो. ताज्या मासळीचा घास आणि यजमानीणबाईंचा आग्रह हे कोणत्याही पंचतारांकित मेजवानीहून उणे नाही. ही घरगुती व्यवस्था मोठ्या भांडवलाच्या लोंढ्यात वाहून जाऊ नये, हे पाहणे अगत्याचे आहे.

तिसरी गोष्ट पाण्याखालच्या सफरीची. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी, माणसाला पाण्याखाली आपला श्वास आपल्याबरोबर नेता येईल अशी व्यवस्था सिद्ध केली, आणि जे दृश्य पूर्वी केवळ मोती काढणाऱ्यांना दिसे, ते सर्वांना खुले झाले. शिवछत्रपतींनी मालवणसमोर ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभारला, त्याच्या आसपासच्या खडकांवर पोवळी आहेत, रंगीबेरंगी मासे आहेत. आमच्या मुरगावपुढील ग्रँड बेटापाशीही अशा सफरी चालतात. आपल्या दाराशी असे वैभव असताना ते पाहण्यासाठी सातासमुद्रापार गेलेच पाहिजे असे नाही. मात्र समुद्र हा करमणुकीचा हौद नव्हे. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वर येताना श्वास कोंडून धरला तर फुप्फुसे फाटू शकतात. हे न सांगता, दोन मिनिटांत मुखवटा चढवून पाहुण्याला पाण्यात उतरविणे हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. धोका पाण्याखालीच असतो असेही नव्हे. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांचे प्राण गेले. २०२४ च्या नाताळात कळंगुटजवळ सहलीची होडी उलटून एकाचा बळी गेला. प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशीचे आदेश निघतात, चार दिवस तपासण्या होतात आणि पुन्हा सारे पूर्ववत चालू होते. प्रत्येक उतारूच्या अंगावर प्राणरक्षक जाकीट, क्षमतेहून एकही माणूस अधिक नाही आणि परवाना व प्रशिक्षण नसलेल्याला सफर चालविण्यास मज्जाव, हे तीन नियम कठोरपणे पाळले गेले तरी कितीतरी जीव वाचतील.

समुद्राचे रक्षण करायचे ते कोणाला हाताशी धरून, हाही प्रश्न आहे. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य घोषित झाले, परंतु ज्यांचे पोट त्या पाण्यावर अवलंबून, त्या मच्छीमारांना विश्वासात घेतले गेले नाही, अशी त्यांची तक्रार राहिली आणि विरोध धुमसत राहिला. कॅरिबियन समुद्रातील बॉनेअर या लहानशा बेटाने १९७९ साली आपल्या भोवतालच्या पाण्याचे सागरी उद्यान केले, आणि १९९२ पासून बुडी मारणाऱ्या प्रत्येकाकडून शुल्क घेऊन त्यातूनच त्याची देखभाल चालविली. अनुकरण करायचेच तर हॉटेलांच्या कुंपणांचे नको, या शहाणपणाचे करावे. पाण्याखाली उतरणाऱ्या पाहुण्याने दिलेले शुल्क सरकारी तिजोरीत लुप्त न होता त्याच किनाऱ्याच्या रक्षणासाठी खर्च व्हावे आणि त्याच्या विनियोगात मच्छीमारांच्या प्रतिनिधींना अधिकाराची जागा असावी. पोवळ्यावर नांगर टाकू नये हे दर्यावर्दी माणसाला पटवून देणे अवघड नाही. त्या पोवळ्याच्या राखणीत त्याच्या मुलाबाळांची भाकरी आहे, हे त्याला प्रत्यक्ष दिसले पाहिजे, इतकेच.

सरकारकडे आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक किनाऱ्याकडे जाणाऱ्या सार्वजनिक वाटा मोजून, नकाशावर दाखवून, तेथे ठळक फलक लावावेत, म्हणजे उद्या कोणी त्यावर भिंत घातली तर ग्रामपंचायतीच्या हाती पुरावा राहील. सफरींचे परवाने देताना त्याच गावच्या सहकारी संस्थांना प्राधान्य द्यावे. आणि दमण-दीवच्या प्रशासनाने मसाटसारख्या औद्योगिक वसाहतींतील कामगारांच्या कुटुंबांसाठी किनाऱ्यावर स्वस्त निवासाची सोय करावी. जो प्रदेश मुक्त करण्यासाठी लोक अनवाणी चालत गेले, त्या प्रदेशातील कामगाराच्या मुलाने एकदा तरी दीवच्या वाळूत पाय रोवून लाट अंगावर घ्यावी, ही अपेक्षा अवास्तव आहे असे आम्हाला वाटत नाही. येत्या हंगामाची आखणी करताना दोन्ही प्रशासनांनी या मुलाचाही विचार करावा.