केबिनचा थंडावा कुणाच्या हक्काचा?

केंद्र सरकारच्या डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरील मालट्रकांत वातानुकूलित केबिन सक्तीची केली. या सुधारणेचे स्वागतच केले पाहिजे. परंतु यंत्र बसविले म्हणजे ते चालू राहतेच असे नव्हे. थंडावा घटला की गॅस भरून मोकळे होणारे मालक एक गोष्ट विसरतात: गॅस संपत नसतो, तो गळतो. गळती बुजविणे, धुळीने कोंदलेला कंडेन्सर व फिल्टर साफ करणे, कॉम्प्रेसरचा पट्टा तपासणे, हीच खरी दुरुस्ती. तिचा खर्च चालकाच्या माथी मारला, तर सुधारणा कागदावरच राहील. जुन्या ट्रकांतला चालक तर आजही होरपळतोच आहे. दुरुस्तीची जबाबदारी मालकाचीच, ही मागणी चालक संघटनांनी लावून धरली पाहिजे.