छंद आणि संसार : नवशिक्याची पहिली फिल्म

फिल्म घालून फोटो काढण्याचा छंद तरुण मंडळींत पुन्हां डोकावूं लागला आहे. हातांतील फोनवर क्षणांत शेंकडों चित्रें निघत असतां, आजोबांच्या कपाटांतील जुना कॅमेरा बाहेर काढावा आणि छत्तीस चित्रांचा एक रोल महिनाभर पुरवावा, हें घरांतील वडीलधाऱ्यांस खुळेपणाचें वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. मोजकींच चित्रें काढावयाचीं असलीं म्हणजे प्रत्येकापूर्वीं माणूस नीट पाहूं लागतो. मात्र पहिल्या दोन-तीन रोलांनीं निराशा केली, तर उमेद खचते आणि कॅमेरा पुन्हां कपाटांत जातो. म्हणून पहिली फिल्म कोणती घ्यावी, हा प्रश्न किरकोळ नव्हे.

आमचें उत्तर असें कीं, ती कृष्णधवल असावी आणि क्षमाशील असावी. इल्फर्डची एचपी-५ प्लस आणि कोडॅकची ट्राय-एक्स या ४०० वेगांकाच्या, व इल्फर्डचीच एफपी-४ प्लस ही १२५ वेगांकाची, अशा फिल्मांत हा गुण आहे. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा झाला म्हणजे एक स्टॉपचा फरक पडतो. एफपी-४ प्लसवर सहा स्टॉप जास्त, म्हणजे चौसष्ट पट प्रकाश पडला तरी कामापुरतें चित्र मिळतें, असें तिचे उत्पादकच सांगतात. कमी प्रकाशाची सवलत मात्र दोनच स्टॉपांची. यांतच नवशिक्याचा मुख्य धडा आहे. जेथें प्रकाश पोंचलाच नाहीं तेथें निगेटिव्ह कोरी राहते, आणि कोऱ्या जागेंतून कांहींच छापतां येत नाहीं. जास्त प्रकाशानें ती केवळ दाट होते. तेव्हां शंका आली तर प्रकाश अधिक द्यावा. ४०० च्या फिल्मसाठीं प्रकाशमापक २०० वर लावला तरी चालेल.

नांदेड-लातूरकडील ऊन तर मोठें कठोर परीक्षक आहे. नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिबच्या शुभ्र वास्तूसमोर आत्याबाईंस उभें केलें, तर त्या लखलखाटानें प्रकाशमापक फसतो; पांढरें करडें होतें आणि आत्याबाईंचा चेहरा काळवंडतो. अशा वेळीं चेहऱ्याजवळ जाऊन मोजणी घ्यावी. उदगीरच्या किल्ल्यांत कमानीखालची सावली आणि बाहेरचें ऊन एकाच चित्रांत येतात. तेथें सावलीचा विचार आधीं करावा. मापक नसेल तर भर उन्हांत छिद्र एफ-१६ ठेवून १२५ च्या फिल्मला १/१२५ आणि ४०० च्या फिल्मला १/५०० सेकंद द्यावे.

दोहोंपैकीं निवड कॅमेरा पाहून करावी. ज्याच्या शटरला १/५०० चा वेग आहे त्यांत ४०० ची फिल्म घालावी. ती माजघरांत व ओसरीवरही उपयोगी पडते. जुन्या बॉक्स कॅमेऱ्याचें शटर मंद असतें, त्याला १२५ ची बरी. मात्र एकदां निवडल्यावर निदान दहा रोल तीच फिल्म वापरावी व प्रत्येक चित्राची नोंद वहींत ठेवावी. दर वेळीं फिल्म बदलली, तर दोष कोणाचा हेंच कळत नाहीं.

उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना एके काळीं ‘इंदू’ नांवाची स्वदेशी फिल्म काढीत असे. तो आतां बंद पडला असून ताजा माल परदेशाहून येतो, म्हणून महाग पडतो. तरीही स्वस्ताईच्या मोहानें मुदत संपलेले जुने रोल नवशिक्यानें घेऊं नयेत. आपल्याकडे वैशाखांत पारा चाळिशीपार जातो, म्हणून ताजी फिल्मही शीतकपाटांत ठेवावी आणि वापरण्यापूर्वीं कांहीं तास बाहेर काढावी. घरीं रोल धुतांना द्रावणें २० अंशांवर आणण्यास भांड्याभोंवतीं बर्फ लागेल, तोही हाताशीं ठेवावा.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीचीं घरें कोसळलीं आणि हजारों माणसें झोपेंतच गेलीं. पुढें गांवें नव्या जागीं वसलीं; पण जुनी ओसरी आणि तिच्यावर बसणारीं माणसें पुन्हां टिपणें कोणाच्याही हातीं उरलें नाहीं. घरोघरच्या वृद्धांचेंही हळूहळू तसेंच होत असतें. ज्या चित्राला दुसरी संधि नाहीं, तें नवशिक्याच्या हातून थोडें चुकलें तरी वांचावें, म्हणून ही क्षमाशील फिल्म. तेव्हां वडीलधाऱ्यांस आमची विनंति अशी कीं, पहिल्या रोलाचा खर्च त्यांनीं आनंदानें सोसावा, आणि नातवंडानें अथवा सुनेनें कॅमेरा रोखला म्हणजे ओसरीवर घटकाभर स्वस्थ बसावें.