पायजमा गुडघ्यातच का जातो?

परवा दुकानात ओळखीचे एक पॉवरलूमवाले चाचा आले. पिशवीतून पायजमा काढून गल्ल्यासमोर आपटला. "शेठ, रमजान ईदेला शिवला, बकरी ईदेला गुडघ्यात गेला. सवादोन महिन्यांत! हे कापड की पापड?"

मी कापड उजेडाला धरले. पलीकडचा रस्ता दिसला. म्हटले, "चाचा, ग्रे आपल्या मालेगावचाच. पाली-बालोतऱ्याला जाऊन पांढरा झाला, खळ पिऊन परत आला. कदाचित तुमच्याच गल्लीतला असेल." चाचा पान चघळत गप्प बसले.

पूर्वी पायजमा फाटत नसे, त्याची बदली होत असे. वडिलांचा थोरल्याला, थोरल्याचा धाकट्याला, मग उशीचा अभ्रा, मग गोधडीचा थर, शेवटी पोतेरे. आता तो शिंप्याकडून जवळजवळ थेट पोतेऱ्यातच जातो.

यात जादू नाही, हिशेब आहे. माग मिनिटाला 150 पीक मारतो असे धरा. इंचाला 60 पीक असले तर मिनिटाला अडीच इंच कापड निघते. 50 पीक केले तर तीन इंच. म्हणजे तेवढ्याच वेळात 100 मीटरच्या जागी 120 मीटर, आणि प्रत्येक मीटरमागे बाण्याचे सूतही वाचले.

हे बुनकर हौसेने करतो का? मुळीच नाही. आम्ही व्यापारी म्हणतो, "मीटरमागे रुपया कमी करा." तो बिचारा रुपया कुठून काढणार? बाण्यातून काढतो. मग विरळपणा झाकायला खळ. ताण्याला सायझिंग लागतेच, नाहीतर मागावर तार तुटते. पण तयार कापडाला चढवलेली जादा खळ म्हणजे उसने अंग. दुकानात पैलवान, पहिल्या धुण्यात काडीपैलवान! गिऱ्हाईक पैसे सुताचे देते आणि खळ बादलीत ओतते.

हलके कापड विकूच नये, असे माझे म्हणणे नाही. कमी पैसेवाल्यालाही अंग झाकायचे आहे. पण तोंडाने सांगा की हा माल 50 पीकचा, हा 60 चा. याचा हा भाव, त्याचा तो. गिऱ्हाईकाला पीक कळत नसेल तर कापडाचा कोपरा त्याच्यासमोर चोळून दाखवा. पांढरी भुकटी उडाली की त्याला सगळे कळेल. ऐब सांगून माल विकण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. एकदा फसलेले गिऱ्हाईक भांडायला आले तर नशीब समजा; बहुतेक जण न बोलता दुसऱ्या दुकानात जातात आणि नाव आपल्या गावाचे खराब होते.

चाचांना मी 60 पीकचा तागा दाखवला, भाव सांगितला. त्यांनी कोपरा चोळला, उजेडाला धरला, खूश झाले. मग हळूच म्हणाले, "शेठ, मीटरमागे रुपया कमी करा ना!"