आधी कार्ड, मग बडा खाना

निरोपाच्या बड्या खान्याची तयारी महिनाभर आधी, ईसीएचएसचा अर्ज मात्र शेवटच्या आठवड्यात, तोही क्लार्कच्या भरवशावर! २००३ पासूनची ही योजना खैरात नव्हे. तिच्यात आपलं अंशदान जातं. मग कार्ड अडतं कुठे? रेकॉर्डमध्ये बायकोचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं. आईची जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. युनिटमध्ये असताना पार्ट टू ऑर्डर काढून हे दुरुस्त होतं. गावी गेल्यावर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसा. बरेच जवान चाळिशीच्या आसपास घरी जातात, आजारपणं नंतर येतात. तेव्हा पॉलिक्लिनिकच्या खिडकीशी कदाचित बायको एकटीच उभी असेल. म्हणून कमांडिंग ऑफिसरांनो, जवानाचा अर्ज पुरा झाल्याशिवाय त्याच्या निरोपाची तारीख ठरवू नका.