दूध तपासून मेंढी कळत नाही



पीक निघाले की आपण धनगराला बोलावतो. दोन रात्री कळप रानात बसला की लेंड्या-मूत जमिनीत मुरते. बदल्यात आपण धान्य देतो, पैसे देतो. ज्याला खताची गोणी परवडत नाही त्या कोरडवाहू शेतकऱ्याचे हे खत. म्हणून मेंढीचा आजार हा एकट्या धनगराचा प्रश्न नाही.

असाच एक आजार क्यू ताप. १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये कत्तलखान्याच्या कामगारांत तो प्रथम ओळखला गेला. मेंढी वरून ठणठणीत दिसते. कधी गाभडते, कधी नाही. पण विताना जारेतून अब्जावधी जंतू बाहेर टाकते. जार वाळली की जंतू धुळीबरोबर उडतात, महिनोन्‌महिने टिकतात आणि श्वासावाटे माणसात शिरतात. ताप, डोकेदुखी, न्यूमोनिया होतो. काहींच्या हृदयाच्या झडपा जातात.

हॉलंडमध्ये काय झाले ते पाहा. २००७ ते २०१० या काळात तेथे चार हजारांवर रुग्ण नोंदले गेले. उगम दुधाच्या मोठ्या शेळी-गोठ्यांत. बाधित गोठ्यांचे पत्ते सरकारने २००९ च्या अखेरपर्यंत लोकांना कळू दिले नाहीत. मग एकदम कुऱ्हाड चालवली. बाधित गोठ्यांतल्या पन्नास हजारांहून अधिक गाभण शेळ्या आजारी-निरोगी न पाहता मारल्या. सरकार उशिरा जागे झाले, असे चौकशी समितीने २०१० मध्ये म्हटले. २०१८ पर्यंत मृत्यूंची नोंद ९५ झाली होती. आधी झोपायचे, मग शेतकऱ्याच्या गोठ्यावर धावायचे! ही रीत आम्हाला अनोळखी नाही.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली : तेथे गोठा पकडला तो टाकीतले दूध तपासून. शेळी दुधातून बरेच जंतू टाकते, म्हणून ते जमले. मेंढी मुख्यतः योनिस्रावातून आणि लेंड्यांतून टाकते. आमच्या फिरत्या कळपाला दुधाची टाकी कुठली? उद्या परदेशी पद्धतीची नक्कल इथे आली, तर मेंढीचा रोग निसटेल आणि अहवालात सारे आलबेल दिसेल.

दुसरी : जंतूंचेही वाण असतात. मालदांडी वेगळी, दगडी वेगळी, तसे. हॉलंडमध्ये शेळ्या-मेंढ्यांत आणि माणसांत मुख्यतः एकच वाण सापडला, गायींत वेगळा. वाण पाहिला म्हणून रोग कुठून आला ते कळले. वाण न पाहता बोट दाखवणे म्हणजे अफवा. गावात चार जणांना ताप आला की धनगराचा कळप हाकलायचा, आणि पुढच्या वर्षी खताविना रान पाहायचे. यात नुकसान दोघांचे.

२००९ च्या केंद्रीय कायद्याने अनुसूचीतल्या जनावरांच्या रोगांची खबर देणे मालकावर बंधनकारक केले आहे. बंधन मालकावर, मग तपासणीची सोय कुणावर? आमच्या मागण्या सरळ आहेत :

१. गाभडलेल्या मेंढीची जार व स्राव यांची तपासणी तालुक्याला, मोफत.
२. सापडलेल्या जंतूचा वाण काढावा आणि निकाल मालकाच्या हाती द्यावा.
३. जनावर मारावे लागले तर भरपाईचा दर आधी जाहीर करावा. खबर देणाऱ्यालाच बुडवले, तर पुढची खबर कोण देईल?

आपलेही काही कर्तव्य आहे. जार कुत्र्यापुढे टाकू नका, खोल पुरा. हात धुवा. गरोदर बाईला विणाऱ्या मेंढीपाशी पाठवू नका. दूध उकळूनच प्या. ताप हटत नसेल तर मेंढ्यांत वावर होता हे डॉक्टरला सांगा. वेळीच ओळखला तर यावर औषध आहे.

मेंढीला बोलता येत नाही. आपल्याला येते. तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन या मागण्या लेखी द्या आणि पोच घेऊनच परता.