कूस कोण बदलणार?

अत्यवस्थ लेकराच्या डोक्यामागे जखम झाली की वॉर्डात पहिलं बोट आईकडे दाखवलं जातं. बीड जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात मी हे स्वतः ऐकलं आहे. ती आई तीन रात्री फरशीवर बसून होती. नळी निघेल, मुलाला हात लावू नका, एवढंच तिला सांगितलेलं होतं.

मैत्रिणींनो, ही जखम होते कशी? गुंगीत असलेलं मूल स्वतः कूस बदलत नाही, दुखलं तरी रडत नाही. एकाच जागी दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी मरू लागते. तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानानं जड, म्हणून जखम बहुधा डोक्यामागे. मोठ्या मुलाला माकडहाडावर, टाचेवर. ऑक्सिजनचा मास्क, नाकातली नळी, बोटाला लावलेला चिमटा हेही रुततात. लाल डाग बघा म्हणतात, पण आपल्या सावळ्या लेकरांच्या अंगावर लाली दिसतेच असं नाही. जागा गरम किंवा टणक लागते का, हे हातानं चाचपावं लागतं. ती चोळायची मात्र नाही.

डॉक्टरांना विचारून साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवणं, चिमट्याचं बोट बदलणं, ओलं दुपटं लगेच काढणं. सगळं हातांचं काम. हात कुणाचे? अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. तो पाळला जात नाही तिथे परिचारिकेवर राग काढून काय उपयोग? तीही बाईच, पाच खाटांमध्ये धावणारी. रिकाम्या जागा आईच्या फुकट कष्टांनी भरून काढल्या जातात.

आणि आपल्याकडे ही आई बहुतेकदा ऊसतोडीची. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती फडातून उठली की खाडा, खाड्याचा दंड. 2019 साली गर्भाशय काढण्याचा प्रश्न गाजला तेव्हा या दंडावर आपण बोललो. लेकराच्या खाटेपाशी पडणाऱ्या खाड्यावरही बोललं पाहिजे.

आईनं मदत करायची तर तिला नीट दाखवा, बसायला खुर्ची द्या. रात्रीची एक पाळी बापाला द्या. बायकांत पुरुष नको ही सबब पडदा लावून मिटते. कूस बदलल्याची वेळ आणि कर्मचाऱ्याची सही केसपेपरवर हवी. रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीला जाल तेव्हा दोन गोष्टी मागा: हा तक्ता, आणि परिचारिकांच्या किती जागा रिकाम्या आहेत तो आकडा.