गाव गेलं, आता नावंही घालवायची का?

सास्ती, माजरी, नायगाव, निलजई, उकणी, मुंगोली, पौनी, गोवरी, पद्मापूर, भटाळी. बाहेरच्या माणसाला ही कोळसा खाणींची यादी वाटेल. मुळात ती गावांची यादी आहे. वर्धेच्या खोऱ्यात खाण निघते ती शेजारच्या गावाचं नाव घेऊन. खाण पसरते, गाव आक्रसतं आणि काही वर्षांनी ते नाव खाणीचंच होऊन बसतं. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) फलकावर आणि ट्रकच्या पावतीवर ते टिकतं. पण त्या एका नावाच्या पोटात जी शेकडो लहान नावं होती, नाल्याची, पांदणीची, बोडीची, वावराची, देवाच्या टेकाडाची, त्यांना कुठलाच फलक मिळत नाही. वरची माती उचलली गेली की तीही डंपरमध्ये बसून ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या, ढिगावर जातात.

हा लेख त्या नावांसाठी आहे आणि या खोऱ्याच्या खाणकामाच्या जुन्या नकाशांसाठी. दोन्ही एकाच वेळी हातातून निसटत आहेत आणि दोन्ही वाचवायला अजून थोडा वेळ आहे.

आधी हे खोरं काय आहे ते बघा. वर्धा उगम पावते बैतूल जिल्ह्यात, मुलताईकडच्या सातपुड्यात. वऱ्हाडाची शीव राखत ती आग्नेयेला उतरते. वाटेत वेणा मिळते, वढा-जुगादला पैनगंगा, पुढे हडस्तीजवळ इरई. शेवटी चपराळ्याला वैनगंगेशी गाठ पडते आणि दोघींची प्राणहिता होते. पश्चिमेकडून येणारा काळा बेसाल्ट वणी-भद्रावतीच्या आसपास विरत जातो आणि त्याखालचे गोंडवन काळातले खडक उघडे पडतात. कोळसा आहे तो त्यांच्यात, 25 कोटी वर्षांहूनही जुना. त्याच्याही खालचा थर तर त्याहून नवलाचा. चंद्रपूरच्या पश्चिमेला पैनगंगेच्या पात्रात, इरई नावाच्या गावाजवळ, चुनखडकावर हिमनद्यांनी ओढलेले ओरखडे एकोणिसाव्या शतकातच भूवैज्ञानिकांनी नोंदवले. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर नेणाऱ्या आपल्या चांद्यावरून कधीकाळी बर्फ सरकत गेला, त्याची ही सही आहे. तोच चुनखडक आज राजुरा-कोरपन्याकडच्या सिमेंटच्या भट्ट्यांत जातो.

जमिनीखालचा इतिहास असा, तर वरचा गावांच्या नावांत लिहिलेला आहे. चंद्रपुरात तुकूम आज एक गजबजलेली वस्ती आहे. तिथे राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखालची जमीन इनाम मिळे आणि त्या जमिनीला तुकूम म्हणत? म्हणजे जिथे तुकूम, तिथे कधीतरी कोणीतरी पाणी अडवलेलं. बरांज मोकासा या नावातल्या मोकाशात सेवेच्या बदल्यात मिळालेला वसुलीचा हक्क आहे. रयतवारी ही चंद्रपूरला लागून असलेली कोळसा खाण. नाव मात्र सारापद्धतीचं. चक फुटाण्यासारख्या गावांच्या नावातला ‘चक’ सांगतो, की मूळ गावातून तोडलेल्या तुकड्यावर ही वस्ती बसली. 1751 मध्ये चांद्याचं गोंड राज्य भोसल्यांकडे गेलं, शंभर वर्षांनी इंग्रज आले, 1964 मध्ये जिल्ह्याचं चांदा हे नाव बदलून चंद्रपूर झालं. राज्यकर्ते बदलले तरी तुकूम, मोकासा, चक ही नावं कोणी पुसली नाहीत, कारण सारा वसूल करायला ती लागत होती. आज पुसली जात आहेत, कारण आज कोणाला लागत नाहीत.

नदीच्या उजव्या तीरावर, राजुऱ्याकडे, निजामाचं राज्य होतं. तिथलं जुनं महसुली दप्तर उर्दूत, अलीकडच्या काठाचं मोडीत आणि इंग्रजीत. एकाच नदीच्या दोन काठांची कहाणी वाचायला तीन लिप्या याव्या लागतात. त्या वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत, कागद तर त्याहून वेगानं झिजत आहेत.

खाणकामाचा इतिहासही याच दशेत आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ह्यूज यांनी 1877 मध्ये वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच दशकात वरोऱ्याला सरकारी खाण चालू होती आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. ती खाण 1906 मध्ये बंद झाली आणि सरकारनं बल्लारपूरला मोर्चा वळवला. पुढे खासगी कंपन्या आल्या, 1973 मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, 1975 मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाली. चानकातून खाली उतरून कोळसा तोडायचे दिवस मागे पडले आणि खुल्या खाणींचे दिवस आले. दीडशे वर्षांत या जमिनीच्या पोटात किती बोगदे पाडले, कुठे खांब राखले, कुठे तेही काढून घेतले, कुठे वाळू भरली आणि कुठे पोकळी तशीच सोडली, याचा हिशेब कुठे आहे?

हा प्रश्न हौशी इतिहासकाराचा समजू नका. 2022 च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झालं. घरातले लोक बाहेर पडले म्हणून वाचले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. आसपासच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. ज्या नकाशावर ती पोकळी काढलेली असते, तो नकाशा वस्तीतल्या माणसाला कधी दिसलेला नसतो. खाण सोडून देताना तिचा शेवटचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो, हा नियम आहे. मग ज्याच्या चुलीखालून बोगदा गेलाय त्यालाच तो नकाशा परका का?

पाण्याचंही तेच. खुल्या खाणीसाठी नाला वळवला, काठावर ओबीचे डोंगर उभे राहिले, की पुराचं पाणी आपली जुनी वाट शोधतं. ती वाट कुठून जात होती हे जुन्या नावात असतं. ज्या लहान तळ्याला गावकरी ‘बोडी’ म्हणत होते त्याच्या जागी प्लॉट पाडले, तर पावसाळ्यात अंगणात तळं साचल्याचं नवल वाटायला नको.

‘नावं जपून पोट भरतं का?’ असं कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. या खोऱ्यात हजारो घरांची चूल कोळशाच्या पगारावर पेटते. खाणी बंद करा असं हा लेख म्हणत नाही. पण ज्याची जमीन गेली त्यालाच विचारा. मोबदल्याच्या दाव्यात, पुनर्वसनाच्या यादीत, सामूहिक वनहक्काच्या मागणीत आपलं वावर, आपली पांदण, आपला पाणवठा नावानिशी सांगता आला नाही, की समोरचा अधिकारी म्हणतो, नोंद दाखवा. नोंद नसली की हक्कही पातळ होतो. नाव हा पहिला पुरावा आहे.

तो पुरावा नोंदवायला जागा सरकारनंच ठेवली आहे. सातबारा काढून बघा. त्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. बहुतेक उताऱ्यांवर तो कोरा असतो. तो भरून घ्या. तलाठ्याकडे अर्ज द्या, पोच घ्या. गावाचा जुना नकाशा आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक हक्कांची नोंद) भूमी अभिलेखातून व तहसिलीतून मिळवा आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन ती हद्द एकदा पायी फिरा. धुऱ्यावर उभं राहून एखाद्या आजीला विचारा, या खालच्या वावराला काय म्हणत होते? ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या, मोबाइलवर तिचा आवाज ठेवा. गोंडी, तेलुगू, झाडीबोलीतलं नाव असेल तर ते ‘सुधारून’ शुद्ध मराठी करू नका. सुधारलेलं नाव म्हणजे अर्धं पुसलेलं नाव.

ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही असते. पाणवठे, देवराया, चराऊ रानं यांची नावं त्या नोंदवहीत चढवा. नव्या खाणीसाठी कोळसा धारक क्षेत्र अधिनियम 1957 खाली अधिसूचना निघते, तेव्हा हरकतीसाठी 30 दिवस असतात. त्या हरकतीसोबत गावाच्या नावांचा नकाशा जोडा.

निवृत्त खाणकामगारांकडे जा. लॅम्प रूम, हॉलेज, हाजिरी घर कुठे होतं, कोणत्या भागात छत बसलं, पाणी कुठून फुटलं, हे त्यांच्या डोक्यात आहे. छत्तीसगडपासून तेलंगणापर्यंत कुठून कुठून आलेली ही माणसं. खोऱ्याच्या पोटाची वाट त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नाही. कामगार संघटनांनी पगारवाढीच्या मागण्यांइतकीच तळमळ या आठवणींसाठी दाखवावी.

पैसा कुठून आणायचा? जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधित गावांसाठीच आहे. रस्ते, सभागृहं आणि स्वागतकमानी यांतून थोडा वाचवून चंद्रपुरात ‘वर्धा खोरे दप्तर’ उभारा. जुन्या खाणींचे नकाशे, मोडी-उर्दू कागद, नावांच्या ध्वनिफिती आणि गावांचे नकाशे तिथे एका छताखाली असावेत आणि कोणालाही फुकट बघता यावेत. गोंडवाना विद्यापीठानं भूगोल, इतिहास आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना यासाठी एकेक गाव नेमून द्यावं. कंपनीच्या खाण बंद करण्याच्या आराखड्यात झाडं लावायचा आकडा असतो. तिथे बुजलेल्या नाल्यांची आणि तलावांची मूळ नावंही लिहायला लावा. जिथे वसतिस्थानाखाली जुनी कामं आहेत, तिथे सोडलेल्या खाणीचा नकाशा ग्रामपंचायतीच्या आणि नगरपरिषदेच्या भिंतीवर लागलाच पाहिजे.

यातलं काहीच अशक्य नाही. ताडोबाला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या कोळसाक्षेत्रावर 2009 च्या सुमारास खाण येऊ घातली होती. चंद्रपूरकर रस्त्यावर उतरले आणि प्रस्ताव मागे पडला. वाघासाठी आपण एक झालो. त्या वाघाच्या पाणवठ्याच्या नावासाठीही होऊ शकतो.

15 ऑगस्टची ग्रामसभा, 2 ऑक्टोबरची ग्रामसभा. खोऱ्यातल्या प्रत्येक गावानं या वर्षी एकाच विषयाचा ठराव मांडावा: आमच्या हद्दीतली सगळी नावं आम्ही नोंदवणार आणि आमच्या जमिनीखालच्या खाणींचे नकाशे आम्हाला द्या. ठराव वहीत लिहून घ्या, सचिवाची सही घ्या, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. उत्तर आलं नाही तर पुढच्या ग्रामसभेत पुन्हा मांडा. कोळसा संपेपर्यंत खाणी चालतील आणि मग कंपनी निघून जाईल. राहणार आपणच आहोत, तेव्हा जमिनीचा हिशेबही आपल्याच हाती हवा.